कॉफीच्या टाकीत म्हशीचं दूध

तेलगावात कॉफीचं मशीन कोण वापरतं, असं पुण्याकडचे पाहुणे मला हसत विचारतात. कुणीच वापरत नाही, असं मी सांगते. वापरत नाहीत म्हणूनच ती बिघडतात आणि माझ्याकडे येतात. रोजच्या वापरातलं मशीन सहसा माझ्या दुकानाची पायरी चढत नाही.

ही मशीनं इथं कुणी विकत घेत नाही, ती येतात. पोरगा पुण्यात नोकरीला लागला, लेक बंगळुरात दिली, की दिवाळीत एक खोकं घरी येतं. दोन दिवस कौतुक होतं, गल्ली बघून जाते आणि मग ते मशीन फ्रिजवर जाऊन बसतं. वर विणलेला रुमाल. सहा महिन्यांनी कुणी मोठा पाहुणा आला की रुमाल काढायचा आणि बटण दाबायचं. ते नुसतं घुर्र करतं, पाणी काही सोडत नाही. मग मला फोन.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमचा प्रवास लिहा’ असं सांगितलंय. घरापासून फाट्यावरच्या दुकानापर्यंत अडीचशे पावलं, एवढाच माझा प्रवास. तेव्हा तो सोडते आणि कामाचं सांगते.

दुकान खरं मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मिक्सर, शेगड्या, पंखे, गिझर. ते खोलायचे आणि मी बॅटरी धरायची. चौदा वर्षं नुसती बॅटरी धरली. ‘हिकडं धर, तिकडं कुठं बघतीस’ हे ऐकत ऐकत आत काय असतं ते सगळं पाठ झालं. मग मालकांचा उजवा हात लकव्यानं गेला आणि पेचकस माझ्या हातात आला. आता ते दाराशेजारच्या खुर्चीत बसून चुका काढतात आणि मी काम करते. सुरुवातीला गिऱ्हाईक माझ्याकडं बघून विचारायचं, ‘मालक न्हाईत का?’ आता मालकांकडं बघून विचारतं, ‘सुमनमावशी कुठं गेल्या?’ याचा मला आनंद होतो, हे मी लपवत नाही.

बाई असण्याचा या धंद्यात एक मोठा फायदा आहे. गडी माणूस दुरुस्तीला आला की वस्तू ओसरीवर आणून देतात. मला थेट ओट्यापाशी नेतात. आणि बिघाड असतो तो आतच, ओट्यापाशी नाहीतर मोरीत. मिक्सर जळालेला नसतो, त्यात ओली डाळ कोंबलेली असते. गिझर बिघडलेला नसतो, त्याच्या पिनवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत टाकलेला असतो. वस्तू खोलण्याआधी मी दहा मिनिटं स्वयंपाकघर बघत बसते. लोकांना वाटतं, मावशी चहाची वाट बघतायत. तसंही थोडं असतंच.

आता हे कॉफीचं मशीन म्हणजे काय ते सांगते. फार काही नाही. मागं पाण्याची टाकी, पोटात एक बारका पंप, त्याच्यापुढं पाणी तापवणारा ठोकळा, मग करंगळीपेक्षा बारीक नळी आणि तोंडाशी पोकळ सुई. कॉफीची बंद डबी आत ठेवली की सुई तिला भोक पाडते, गरम पाणी त्यातून जातं आणि खाली एक कप कॉफी पडते. एका वेळी एकच कप. आमच्याकडं एका वेळी एकच कप कधी लागत नाही, हा त्या मशीनचा पहिला दोष.

दुसरा दोष मशीनचा नाही, आमच्या पाण्याचा आहे. बोअरचं पाणी जड. चार दिवस पातेल्यात तापवलं की बुडाला पांढरा थर धरतो, तो घासणीनंही निघत नाही. पातेल्याचं तोंड मोठं असतं, ते सोसतं. मशीनची नळी कशी सोसेल? क्षार आत धरत जातो, पाणी बारीक होत जातं आणि एक दिवस बंद.

तेव्हा ज्यांच्या घरी हे मशीन आहे त्यांनी एवढं करावं. टाकीत जारचं किंवा फिल्टरचं पाणी घालावं. उरलेलं पाणी रोज ओतून टाकावं आणि टाकी उपडी घालावी. वापरलेली डबी तिथल्या तिथं काढावी, ती आत राहिली की बुरशी येते. आठवड्यातून एकदा आधी विजेची पिन काढून मग सुईच्या भोकात सेफ्टी पिन फिरवावी, गाळ निघतो. दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्व. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी पांढरी खडी मिळते, तेच. लिटरभर पाण्यात दोन चमचे विरघळवून अर्धं मशीनमधून सोडायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं सोडायचं. नंतर दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगरनंही क्षार जातो, पण पुढच्या पाच कॉफ्यांना लोणच्याचा वास येतो. आणि वापर असो वा नसो, आठवड्याला एक कप पाणी तरी त्यातून सोडावं. बंद राहिलं की आतलं रबर सुकतं.

मालकांची एक शिस्त आहे, ती मीही पाळते. वस्तूतून जे काही निघेल ते एका स्टीलच्या वाटीत काढायचं आणि घरच्यांना दाखवायचं. खडे, केस, झुरळाचे पाय, जे असेल ते. नुसतं सांगून माणसाला पटत नाही. वाटी बघितली की पटतं आणि पुन्हा तीच चूक होत नाही. आमच्या दुकानाची ती ओळखच झाली. लोक विचारतात, ‘मावशी, वाटीत काय निघालं?’

या वाटीनं मला एकदा खाली मान घालायला लावली. दिंद्रुडला एका पुढाऱ्याचं घर आहे. त्यांच्या बैठकीत मशीन काचेच्या कपाटात ठेवलेलं, सत्कारात मिळालेल्या ढालींच्या शेजारी. मोठे साहेब आले तरच ते बाहेर काढायचं, आणि चालवायचं कुणी तर त्यांच्या ड्रायव्हरनं. आधीच्या खेपेची ओली डबी आत तशीच राहिलेली. हिरवी बुरशी, त्यात मुंग्यांनी घर केलेलं. मी सगळं वाटीत काढलं आणि शिस्तीप्रमाणं बैठकीत दहा माणसांसमोर ठेवलं. पुढाऱ्यांनी एकदा वाटीकडं बघितलं आणि आतल्या दाराकडं तोंड करून बायकोवर असे ओरडले की अंगणातली माणसं गप्प झाली. त्या बाईनं त्या मशीनला कधी हातही लावला नव्हता. मला ते माहीत होतं आणि मी बोलले नाही. निघताना तिनं मला चहा दिला, पण माझ्याकडं बघितलं नाही. त्याची टोचणी मला अजून आहे.

ही टोचणी ताजी असतानाच, गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, कुसुमअक्का दुकानात आल्या. गावाबाहेर शेतात त्यांची वस्ती आहे, दारात चार म्हशी, डेअरीला दूध. त्यांनी सरकी पेंडेचं पोतं आणलं होतं. पोत्यातून पेंड निघेल असं मला वाटलं, निघालं कॉफीचं मशीन.

“आपोआप बंद पडलं बघ,” अक्का म्हणाल्या. “म्या हात बी लावला न्हाई.”

मी टाकीचं झाकण उघडलं आणि आंबूस वास आला. मालकांनी खुर्चीतूनच नाक मुरडलं.

“अक्का, यात काय घातलंत?”

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. “दूध. कावून, चालत न्हाई व्हय?”

आता मला हसू आवरेना. पण अक्कांचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. त्या पायरीवर बसल्या आणि सगळं सांगितलं.

मशीन त्यांच्या सुनेचं. मुलगा महेश पुण्यात नोकरीला, सून केतकी तिकडचीच. त्याच्या आदल्या दिवाळीत ती मशीन घेऊन आली होती, कारण सकाळी तिला काळी कॉफी लागते. पाडव्याला अंगणात सगळे भाऊबंद फराळाला बसलेले. केतकी कप घेऊन बाहेर आली आणि अक्का मोठ्यानं म्हणाल्या, “चार म्हशी दारात, आन् आमची सून काळं पाणी पिती. दुष्काळ पडलाय व्हय?” सगळं अंगण हसलं. केतकीनं कप खाली ठेवला. भाऊबीज करून जायचं ठरलं होतं, ती त्याच दिवशी दुपारी गेली. मशीन ओट्यावर तसंच राहिलं. नंतर वर्षभर ती वस्तीवर फिरकली नाही. फोन महेशचा यायचा, तिचा नाही.

“आता धनतेरसला ती येणारंय म्हणला महेश,” अक्का म्हणाल्या. “मला तोंडानं न्हाई जमत गं. कुणाला कधी म्हणलं न्हाई माझं चुकलं म्हणून. म्हणलं, आल्या आल्या तिच्या हातात तिच्या मशीनची काफी द्यायची. तिला कळंल. म्हणून आधी करून बघत हुते. आन् नुसत्या पाण्याची काफी सुनंला कशी द्यायची? म्हणून घातलं दूध. चांगलं सायीचं.”

कुठल्याही दुधाच्या घरातल्या बाईनं हेच केलं असतं. पाण्याची कॉफी म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याचा अपमान. पण सायीचं दूध तापत्या ठोकळ्यातून गेलं की काय होणार? जिथं जाईल तिथं चिकटणार.

“कुणाला सांगू नको,” जाताना अक्का म्हणाल्या. “वाटी बिटी दाखवू नको बाई.”

दिंद्रुडची बाई डोळ्यांसमोर होतीच. मी म्हणाले, नाही दाखवत.

आता माझी चूक सांगते. इतकी वर्षं क्षाराशी झगडून माझ्या हाताला एक सवय लागलीय. मशीन आलं की आधी लिंबूसत्व. विचारच करायचा नाही. मी टाकी धुतली, लिंबूसत्वाचं पाणी भरलं आणि बटण दाबलं. थोडं पाणी आलं, मग थेंब थेंब, मग तेही बंद. आधी होतं त्याहून जास्त तुंबलं. मला कळेना.

मालक खुर्चीतून बघत होते. “दूध हुतं ना त्यात?”

“हो.”

“आन् तू लिंबू घातलंस?”

मी बटण बंद केलं.

“पनीर केलंस की आत!” ते म्हणाले आणि डाव्या हातानं मांडीवर थाप मारून हसायला लागले. ते संध्याकाळपर्यंत मधूनमधून हसत होते. दुधात लिंबू पिळलं की काय होतं हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. मला त्या क्षणी ते आठवलं नाही, कारण माझ्यासाठी मशीन म्हणजे क्षार.

खरं तर मी मागचं झाकण खोलून नळी बाहेर काढायला हवी होती आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजत ठेवायला हवी होती. सोड्यानं नासलेलं दूध सुटतं. पण दिवाळीच्या कामाच्या गर्दीत ते राहिलं आणि तिसऱ्या दिवशी अक्का सकाळीच येऊन पायरीवर बसल्या. त्यांच्यासमोर झाकण खोललं असतं तर आत काय झालंय ते दिसलं असतं, आणि का झालं तेही सांगावं लागलं असतं. मी सायकलच्या पंपानं हवा मारली, सुई टोचली, थोडा चोथा बाहेर आला. तीन कप पाणी सोडून बघितलं. पडलं.

“झालं अक्का. जारचंच पाणी घाला.”

“काय निघालं गं आतून?” त्यांनी हळूच विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “निघालंच नाही काही.”

अक्कांनी माझा हात धरला. त्यांना वाटलं, मी त्यांची लाज राखली. मी माझी राखत होते.

धनतेरसला सकाळी फोन आला. अक्का कुजबुजत होत्या. “सुमन, नुसतं घुर्र करतंय गं. आली बी ती, आंघोळीला गेलीया. ये की.”

मी स्कूटी काढली. रस्त्यात मला पक्कं ठाऊक होतं काय झालंय ते. नळीत उरलेला चोथा दोन दिवसांत सुकला होता आणि गरम पाणी लागताच फुगून बसला होता.

स्वयंपाकघरात शिरले तर ओट्यावर मशीन, त्याच्या तोंडाखाली रिकामा कप. अक्का पदराशी चाळा करत उभ्या. केतकी केस पुसत आली आणि मला बघून थबकली.

“मावशी, एवढ्या सकाळी कशाला त्रास घेतलात? राहू द्या ना. मला चहा चालतो,” ती म्हणाली. अगदी गोड बोलली, पण परक्याच्या घरी बोलतात तसं.

“चहा न्हाई. काफीच,” अक्का म्हणाल्या. मग ओट्याकडं बघत म्हणाल्या, “म्याच बिघडवलं. सुमननं नीट करून दिलतं, माझ्याच हाताला गुण न्हाई.”

मला तिथं एक शब्दही बोलायची गरज नव्हती. अक्कांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. सोड्याचं पाणी सोडलं असतं, दोन तासांत मशीन चाललं असतं आणि माझं नाव राहिलं असतं. पण दिंद्रुडला मी अशीच गप्प बसले होते, आणि पुन्हा तसं बसवेना.

मी पिन काढली, मागचं झाकण खोललं, नळी ओढून काढली आणि अक्कांना म्हणाले, वाटी द्या. नळी दाबली तशी पांढऱ्या चोथ्याची लांब वात वाटीत पडली. ती वाटी मी ओट्यावर मधोमध ठेवली.

“हे माझं काम आहे,” मी म्हणाले. “अक्कांनी टाकीत दूध घातलं होतं, ते धुतलं असतं तर निघालं असतं. मी त्यावर लिंबूसत्व घातलं. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी सांगितलं नाही, तसंच दिलं.”

इतक्या वर्षांत मी शेकडो वाट्या ओट्यांवर ठेवल्या असतील. माझ्या स्वतःच्या चुकीची ती पहिली.

केतकी वाटीकडं बघत नव्हती. ती सासूकडं बघत होती. “टाकीत दूध? का पण, आई?”

“मंग नुसत्या पाण्याची कशी देऊ तुला?” अक्का म्हणाल्या. “चार म्हशी दारात असून...”

आणि त्या थांबल्या. हेच शब्द त्या पाडव्याला अंगणात बोलल्या होत्या, ते पुन्हा त्यांच्याच कानावर पडले. मग अक्कांनी वाटी बोटानं माझ्याकडं सरकवली.

“ही सुमनची झाली,” त्या म्हणाल्या. “आता माझी बी सांगते. त्या पाडव्याला म्या चार माणसांत तुझं हसं केलं. त्ये माझं चुकलं, पोरी. लई चुकलं.”

केतकीनं वाटी उचलली. बराच वेळ त्यात बघत राहिली.

“म्हणजे आत पनीर झालं?” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना, तोंडाला टॉवेल लावून ती तिथंच फरशीवर बसली.

अक्का घाबरल्या. “कावून रडती गं ही?” त्यांनी मला विचारलं.

“हसतायत त्या, अक्का,” मी म्हणाले. तेवढंही खरं होतं.

पुढचा दीड तास मी सोड्याचं गरम पाणी करून नळी धुतली, ठोकळा धुतला, पंपातून चार टाक्या पाणी सोडलं. केतकी फरशीवर बसून अक्कांच्या हातचा चहा पीत होती आणि मशीन कसं चालवायचं ते मला नाही, सासूला सांगत होती. अक्का टाकी हातात घेऊन शाळेतल्या पोरीसारख्या ऐकत होत्या. पहिली कॉफी पडली ती अक्कांनी दोन्ही हातांनी उचलून तिला दिली. केतकी म्हणाली, “छान झालीय, आई.” मी अवजारं गोळा केली.

त्या दिवसापासून वाटीची शिस्त मी थोडी बदललीय. आता ती बैठकीत ठेवत नाही. ज्याच्या हातून बिघडलं त्यालाच आधी एकट्याला दाखवते. त्यात काही माझ्या हातचं असलं तर तेही सांगते. मालक म्हणतात, असं सांगत सुटलीस तर गिऱ्हाईक येणार न्हाई. येतं की. उलट जास्त येतं.

भाऊबीज करून केतकी आणि महेश गेले. मशीन या खेपेलाही वस्तीवरच राहिलं. फरक एवढाच, की या खेपेला केतकी मला वाटेत दुकानाशी थांबून सांगून गेली. “मावशी, मशीन इथंच ठेवलंय. संक्रांतीला येतेय. आईंना जरा लक्ष ठेवायला सांगा.”

महिनाभरानं मी वस्तीवरून चालले होते, म्हणून डोकावले. दुपारची वेळ. अक्का ओट्यापाशी उभ्या राहून कपातून काहीतरी घेत होत्या आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करत होत्या. कपात काळी कॉफी.

“अक्का, हे काय?”

“तूच म्हणलीस ना, आठवड्याला एकदा चालवायचं, न्हाईतर रबर सुकतं.”

“अहो, नुसतं पाणी सोडलं तरी चालतं. डबी कशाला घालता?”

“पाणी सोडून मला काय कळणार?” अक्का म्हणाल्या. “ती काय पिती, त्ये तरी कळू दे की.”

उरलेला घोट त्यांनी डोळे मिटून संपवला. वापरलेली डबी काढली, टाकीतलं पाणी ओतलं, टाकी उपडी घातली आणि त्या म्हशींना पाणी दाखवायला गेल्या.